कोरोना पुन्हा होतो का? प्रतिकारशक्ती किती टिकते?

"एकदा होऊन गेला, आता कशाची भीती?" असे पेण-रोह्यात आम्ही आजही ऐकतो. पण कोरोना पुन्हा होऊ शकतो. अशी पहिली पक्की नोंद ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगला झाली.

पुन्हा झाला, असे कधी म्हणायचे? आयसीएमआरने ठरवलेला निकष असा: दोन पॉझिटिव्ह चाचण्यांत किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मध्ये एक निगेटिव्ह चाचणी.

पुन्हा का होतो? रक्तातल्या अँटिबॉडी काही महिन्यांत कमी होतात आणि विषाणूही रूप बदलतो. डिसेंबर २०२१ मध्ये डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमिक्रॉन रुग्ण सापडला. त्यानंतरच्या लाटेत आधी बरे झालेले अनेकजण पुन्हा आजारी पडले.

मग संरक्षण राहते का? राहते. शरीरातल्या स्मृतिपेशी विषाणू ओळखतात. 'लॅन्सेट'मधील २०२३ च्या अभ्यासानुसार, आधीच्या संसर्गामुळे गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण दहा महिन्यांनंतरही सुमारे ८८ टक्के होते. ओमिक्रॉनची लागण टाळण्याची ताकद मात्र लवकर घटते.

काय करावे? घरातल्या बुजुर्गांना, शुगर-बीपीच्या पेशंटना जास्त जपा. लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. ताप-खोकला असेल तर नमाज घरीच अदा करा. आपला साधा खोकला शेजारच्या सफेतल्या चाचांना भारी पडू शकतो.