ऐरणीवरील तीन आंकडे

जुन्या वस्तूवरील अक्षर वाचणें निराळें आणि त्याचा अर्थ लावणें निराळें. शिलालेख व नाणीं यांच्या बाबतींत हा भेद आपण सहज मान्य करतों. परंतु लोहाराच्या ऐरणीलाही तो तितकाच लागू आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें घडलेल्या ऐरणी दूरदूरच्या देशांत जात. डडलीचा पीटर राइट व शेफील्डचा माऊसहोल फोर्ज हीं त्यांतील नामांकित नांवें होत. अशा ऐरणीच्या कुशीवर पुष्कळदां तीन आंकडे ठोकलेले आढळतात. समजा, ते १, ३ व ७ असे आहेत. आजचा मनुष्य ते सलग वाचतो आणि ऐरण १३७ पौंडांची, म्हणजे आपल्या जुन्या भाषेंत १३७ रत्तलांची, असें ठरवून मोकळा होतो.

वस्तुतः ही एक संख्या नव्हेच. पहिला आंकडा हंड्रेडवेटांचा, दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा म्हणजे क्वार्टरांचा आणि तिसरा रत्तलांचा. हंड्रेडवेटच्या नांवांत शंभर असले, तरी त्याचे रत्तल ११२ भरतात. कारण १४ रत्तलांचा एक स्टोन आणि आठ स्टोनांचा एक हंड्रेडवेट, असें तें कोष्टक आहे. क्वार्टर अर्थात् २८ रत्तलांचा. तेव्हां ११२, ८४ व ७ मिळून या ऐरणीचें वजन २०३ रत्तल, म्हणजे सुमारें ९२ किलो झालें. सलग वाचणारानें जवळजवळ एकतृतीयांश लोखंड गमावलें! एक रुपया, तीन आणे, सात पै यांस ज्या पिढीनें कधीं १३७ म्हटलें नाहीं, तिला हें समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

या वाचनाची परीक्षाही करतां येते. चार क्वार्टर झाले कीं एक हंड्रेडवेट पुरा होतो. म्हणून मधला आंकडा ३ च्या वर जात नाहीं आणि शेवटचा २७ च्या वर जात नाहीं. गेला तर पद्धति निराळी समजावी. परंतु १, २, ३ असे आंकडे असल्यास ही कसोटी पुरी पडत नाहीं. तेथें कारखान्याचें नांव पाहिलें पाहिजे. अमेरिकेंतील हे-बडन आपल्या ऐरणींवर सरळ रत्तलच ठोकीत असे. फिशरच्या ऐरणीवर दहा-दहा रत्तलांची गणना असे, म्हणजे तेथें १५ याचा अर्थ १५० होतो. एवढ्यानेंही संशय उरला, तर तराजू आहेच.

हा प्रश्न केवळ विलायती लोखंडाचा नाहीं. मुंबईचा जुना मण २८ रत्तलांचा, म्हणजे बरोबर इंग्रजी क्वार्टराएवढा होता. २० मणांची खंडी ५६० रत्तलांची, म्हणजे पांच हंड्रेडवेटांची होई. उलट, सरकारी बंगाली मण ८२ रत्तलांहून कांहींसा अधिक, म्हणजे मुंबईच्या मणाच्या जवळजवळ तिप्पट होता. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक पद्धति आली आणि पुढें हे मण व्यवहारांतून गेले. जुन्या दप्तरांत मात्र ते अद्याप आहेत. एखाद्या दुष्काळांतील धान्याचा मणामागील भाव आपण वाचतों, तेव्हां तो मण कोणता हें न विचारतां काढलेला निष्कर्ष त्या काळच्या लोकांची भूक तिपटीनें वाढवील किंवा कमी करील.

ऐरणीच्या बाबतींत चूक झाली, तर एखाद्या ग्राहकाचे चार पैसे जातील. दप्तराच्या बाबतींत झाली, तर मेलेल्या माणसांवर अन्याय होईल, आणि त्यांना तक्रार करतां येत नाहीं. म्हणून आंकडा वाचण्यापूर्वीं त्याचें माप विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.