परीक्षेचे शब्द आणि स्वीडन

परीक्षेंत मुलगा पास झाला कीं नापास, एवढें कळलें म्हणजे घरांतील मंडळींची जिज्ञासा बहुधा तृप्त होते. परंतु तोच निकाल एका भाषेंतून दुसरींत न्यावयाचा झाला, म्हणजे या साध्या शब्दांमागें किती निरनिराळे विचार दडलेले असतात तें कळून येतें. इंग्रजी व स्वीडिश या भाषांचें उदाहरण या दृष्टीनें बोधप्रद आहे.

इंग्रजींतील ‘असेसमेंट’ हा शब्द मूळचा लॅटिन. शेजारीं बसणें हा त्याच्या धातूचा अर्थ; न्यायाधीशाशेजारीं बसून साहाय्य करणारा तो असेसर. पुढें कर ठरविण्याच्या कामीं तो शब्द रूढ झाला आणि विसाव्या शतकांत शाळेंतही शिरला. स्वीडिशमध्यें मात्र एका शब्दानें दोन्ही कामें भागत नाहींत. कराच्या बाबतींत ‘ताक्सेरिंग’, तर विद्यार्थ्याच्या बाबतींत ‘बेदॉम्निंग’. या दुसऱ्याच्या पोटांत निवाड्याचा अर्थ आहे. मराठींतही कराची ती आकारणी आणि अभ्यासाचें तें मूल्यमापन, असा भेद आहेच.

‘ग्रेड’ म्हणजे पायरी. स्वीडिश भाषेंत तिच्या जागीं ‘बेत्यूग’ हा शब्द येतो, आणि त्याच्या मुळाशीं साक्ष देणें हा अर्थ आहे. इंग्रज शिक्षक विद्यार्थ्यास पायरीवर उभा करतो. स्वीडिश शिक्षक त्याच्याविषयीं साक्ष देतो. तसेंच, इंग्रजींत ‘पास’ होणारा पलीकडे जातो, तर स्वीडिशमध्यें तो ‘गूदशेंद’, म्हणजे चांगला म्हणून मान्य, ठरतो.

१८९७ पासून १९६२ पर्यंत ही साक्ष सात श्रेणींत दिली जाई. ‘प्रशंसनीय’ ही पहिली. पुढें ‘उत्कृष्ट प्रशंसेसह मान्य’, ‘प्रशंसेसह मान्य’, ‘प्रशंसेवांचून नव्हे, असें मान्य’, ‘मान्य’, ‘पूर्णपणें मान्य नव्हे’ आणि शेवटीं ‘अमान्य’. यांतील चौथ्या श्रेणीचा संकोचयुक्त गौरव इंग्रजी ‘सॅटिस्फॅक्टरी’ या शब्दांत मावणें कठीण.

१९६२ सालीं नऊ वर्षांची सक्तीची शाळा स्थापन झाली आणि शब्दांच्या जागीं एक ते पांच हे आंकडे आले. सबंध देशांतील विद्यार्थ्यांची विभागणी अनुक्रमें शेंकडा ७, २४, ३८, २४ व ७ अशी धरली होती. भाषांतर सोपें झालें, पण साक्ष गेली. मुलाला काय येतें यापेक्षां तो इतरांच्या तुलनेंत कोठें आहे, एवढेंच आंकडा सांगूं लागला. १९९४ च्या सुधारणेनें ‘मान्य’, ‘चांगला मान्य’ व ‘फार चांगला मान्य’ हे शब्द परत आणले. इंग्रजींत मात्र त्यांतील साधा ‘चांगला’ हा शब्द ‘डिस्टिंक्शन’ होऊन अधिक भारदस्त झाला.

२०११ सालीं ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंतचीं अक्षरें आलीं. आतां भाषांतराची गरजच उरली नाहीं, असें वाटेल. पण खरा धोका येथेंच आहे. जुन्या सात श्रेणींत ‘सी’ म्हणजे अमान्य. नव्या पद्धतींत ‘सी’ म्हणजे उत्तीर्णांमधील मधली पायरी. अक्षर एकच, पण एकाला शाळेनें नाकारलें आणि दुसऱ्याला स्वीकारलें. म्हणून स्वीडिश दाखला हातीं येतांच भाषांतरकारानें अक्षराआधीं साल वाचावें. नाहीं तर त्या चुकीचें मोल दाखला ज्याचा त्यालाच द्यावें लागेल.