घोरपड पळून गेली

मागच्या आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारात साठीकडे झुकलेल्या एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. "गुरुजी, ओळखलंत का? मी घोरपडवाला!" ओळखले. मग त्याने विचारले, "गुरुजी, ती खरंच पळून गेली होती का हो?"

मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. आधी हकीकत.

१९७८ सालचा फेब्रुवारी. लोहगडाच्या बाजूच्या एका खेड्यात मी चौथीला तानाजीचा धडा शिकवत होतो. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाण्याचा कडा, आणि कमरेला दोर बांधलेली यशवंती घोरपड! मी हे इतके रंगवून सांगितले की दोन दिवसांनी एक मुलगा सुतळी बांधलेली जिवंत घोरपड घेऊनच शाळेत हजर झाला.

शाळेमागच्या दगडी गडग्यावर आम्ही प्रयोग केला. घोरपड वर चढली नाहीच. पहिली फट दिसताच तिच्यात शिरली आणि अंग फुगवून बसली. चार मुलांनी ओढले तरी हलेना. मुलांनी "हर हर महादेव" केले. मीही केले.

खरे तर ते शिकवलेले काम नव्हते, ती भीती होती. घाबरली की घोरपड असेच करते. हुकमाने कडा चढून दोर पक्का करणे तिच्या स्वभावात नाही. सभासदाने १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, तीत घोरपड नाही. तिथे कडा चढतात ते मावळेच. यशवंती येते ती तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यातून. घोरपडे घराण्याच्या नावामागेही घोरपडीच्या साहाय्याने गड चढल्याची अशीच आख्यायिका आहे. कथा म्हणून दोन्ही गोड आहेत. पण मी इतिहास म्हणून शिकवल्या होत्या.

तर मंडळी, ती घोरपड आम्ही ठेवून घेतली. रिकाम्या खोलीत कोंबड्यांचे खुराडे होते, त्यात. सोडायला गेलो तर चावेल म्हणून सुतळी तशीच ठेवली. खायला भाकरी! घोरपड किडे, बेडूक, उंदीर, अंडी खाते. तिचे रक्त थंड, त्यामुळे सकाळी उन्हात अंग तापल्याशिवाय तिला खाल्लेले पचत नाही. पाण्यातही ती छान पोहते. तिची थोरली बहीण पाणघोरपड सुंदरबनात आणि भितरकणिकेत असते. ती ठेवायची तर डुंबायला हौद आणि तापायला ऊन, दोन्ही लागते. आम्ही आमच्या पाहुणीला पाण्याचे एक घमेले दिले आणि मावळातल्या थंडीत अंधाऱ्या खोलीत कोंडले.

नवव्या दिवशी ती मेली. कमरेला सुतळीची जखम झाली होती. मी तिला परसात पुरली आणि मुलांना सांगितले, "पळून गेली." वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालीच झाला होता. मला त्याची गंधवार्ता नव्हती. आज घोरपड त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडले तर तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते.

आपण तिच्या चिवटपणाचे पोवाडे गायले, आणि तिला मात्र मांसासाठी, तेलासाठी मारले. खंडोबाच्या जागरणातली दिमडीसुद्धा पूर्वी तिच्याच कातड्याने मढवत. ती जगते कशी, हे फारसे कुणी विचारले नाही. मी तर मास्तर होतो, मी तरी विचारायला हवे होते.

बाजारात त्याला म्हणालो, "नाही रे बाबा. मेली ती. माझ्यामुळे मेली."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही माझी सुतळी परत दिली होती ना गुरुजी, तेव्हाच मला वाटलं होतं."

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे त्या पोराने मला विचारले नव्हते. असो. आता नातवंडांना तानाजी सांगतो तेव्हा कडा मावळेच चढतात. त्याने तानाजी तसूभरही लहान होत नाही.