अस्मारा : प्रेक्षणीय स्थळे व वास्तुवारसा

पूर्व आफ्रिकेतील एरिट्रिया या देशाची राजधानी. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मी. उंचीच्या पठारावर वसलेले हे शहर १९११ मध्ये तांबड्या समुद्रावरील मसावा बंदराशी लोहमार्गाने जोडले गेले. १८८९ मध्ये ते इटलीच्या ताब्यात आले. इथिओपियावरील स्वारीचा तळ म्हणून १९३५ पासून त्याची झपाट्याने वाढ झाली आणि अवघ्या पाच-सहा वर्षांत आधुनिकतावादी शैलीच्या शेकडो इमारती येथे उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये युनेस्कोने शहराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. प्रवासवर्णनांत अस्माराचा उल्लेख बहुधा ‘छोटे रोम’ असा होतो. मात्र या बिरुदामुळे शहराची ओळख अपुरी राहते. आराखडे इटालियनांचे असले, तरी शहर बांधणारे हात, पुढे त्याचा वापर करणारे आणि ते जपणारे लोक बहुतांशी एरिट्रियन होते. त्यामुळे येथील स्थळे आफ्रिकी नगरीचा भाग म्हणूनच पाहणे सयुक्तिक ठरते.

येथील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे जुझेप्पे पेत्ताझ्झी याने रचलेला फियाट तालिएरो हा पेट्रोलपंप (१९३८). विमानाच्या आकाराच्या या इमारतीचे काँक्रीटचे दोन पंख प्रत्येकी सुमारे १५ मी. लांब असून त्यांना खालून एकही खांब नाही. हार्नेत या मुख्य रस्त्यावर गोल दिव्यांच्या रांगांनी सजलेले सिनेमा इम्पेरो हे चित्रपटगृह (१९३७) आणि उंच घंटाघराचे कॅथलिक कॅथीड्रल (१९२३) आहेत. ही यादी एवढ्यावरच संपवली, तर ‘छोटे रोम’ हे नाव पटू शकेल. परंतु त्याच शहरात एन्दा मरियम हे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कॅथीड्रल आहे. त्याच्या भिंतींत दगडाच्या थरांमधून लाकडी तुळयांची टोके बाहेर डोकावतात. ही रीत प्राचीन अक्सुम राज्यापासून या पठारावर चालत आलेली आहे. जवळच ग्वीदो फेर्रात्सा याने रचलेली मोठी मशीद (१९३८) आहे. या दोन प्रार्थनास्थळांकडे पाहिले, की इटालियन वास्तुकारांनाही स्थानिक धर्म आणि बांधकामपरंपरा यांची दखल घ्यावी लागली हे ध्यानात येते.

अस्माराचा वारसा म्हणून गौरव करण्यावर पहिला आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. या इमारती फॅसिस्ट सत्तेच्या आणि वंशभेदाच्या खुणा आहेत. त्यांचे कौतुक म्हणजे त्या अन्यायावर पांघरूण घालणे होय. आक्षेपाचा आधार खरा आहे. नगररचनेत युरोपीय आणि स्थानिक वस्त्या वेगळ्या ठेवल्या होत्या. आबाशाउल ही एरिट्रियन वस्ती नियोजनाबाहेर, दाटीवाटीने वाढली. म्हणूनच युनेस्कोच्या वारसाक्षेत्रात आबाशाउल आणि आर्बाते अस्मेरा या वस्त्यांचाही समावेश आहे, ही बाब महत्त्वाची ठरते. रुंद रस्ते आणि ही दाट वस्ती एकत्र पाहिली, तर वसाहतवादाची दोन्ही अंगे समोर येतात. इमारती पाडून टाकल्या असत्या, तर वंशभेदाचा हा पुरावाच नष्ट झाला असता.

दुसरा आक्षेप असा, की शहर टिकले ते कोणाच्या जतनबुद्धीमुळे नव्हे, तर युद्ध आणि दारिद्र्य यांमुळे नवे बांधकाम झाले नाही म्हणून. यातही तथ्य आहे. १ एप्रिल १९४१ रोजी इटलीने शहर गमावले. १९५२ मध्ये एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्याने जोडला गेला, १९६२ मध्ये विलीन करून घेतला गेला आणि स्वातंत्र्यलढा १९९१ पर्यंत चालला. या काळात भांडवल आले नाही, हे उघड आहे. परंतु १९९३ मध्ये देश अधिकृतपणे स्वतंत्र झाल्यावर जुन्या इमारती पाडून मनोरे उभारण्याची वाट मोकळी होती. शासनाने तसे न करता ऐतिहासिक मध्यवर्ती भागातील नव्या बांधकामावर बंधने घातली. टिकून राहणे हा योगायोग असेल. पुढे टिकवणे हा निर्णय होता.

वारसा केवळ दर्शनी भिंतींत नसतो, याचा उत्तम दाखला मेदेबेर येथे मिळतो. वसाहतकाळातील या जुन्या सराईत आज कारागीर पत्र्याचे डबे, लोखंडी पिंपे आणि गाड्यांचे निकामी भाग यांपासून चुली, भांडी व अवजारे बनवतात. मिरचीचा बर्बेरे मसालाही येथे दळला जातो. कॉफीगृहांतील इटालियन यंत्रांची माकियातो आणि घरोघरी मातीच्या जेबेनात उकळली जाणारी कॉफी, दोन्ही आता शहराच्याच सवयी आहेत. पर्यटनाला मात्र मर्यादा आहेत: परदेशी प्रवाशांना राजधानीबाहेर जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि अनेक इमारती दुरुस्तीअभावी जीर्ण होत आहेत. वारसा म्हणून मिळालेला लौकिक तेथे राहणाऱ्यांच्या छपरांपर्यंत आणि नळांपर्यंत पोचला, तरच जतनाचा तो निर्णय रहिवाशांच्याही हिताचा ठरेल.