माहीमचे फकीह आणि जगाचे ‘असणे’

शाळा सुटली, वर्गाला कुलूप लागले, पाहणारे कुणी उरले नाही. आता आतला फळा आहे की नाही? प्रश्न पोरकट वाटेल. पण त्यावर मोठमोठ्या विचारवंतांनी आयुष्य वेचले आहे. आयर्लंडच्या जॉर्ज बर्कले यांनी १७१० साली मांडले की, वस्तू असते म्हणजे ती कुणाच्या तरी जाणिवेत असते. आपण पाहत नसलो तरी ईश्वर पाहतो, म्हणून फळा टिकतो.

ही चर्चा युरोपातलीच, असा आपला समज असतो. परंतु त्याच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षे आधी आपल्या कोकण किनाऱ्यावर जगाच्या असण्याचा विचार अरबी भाषेत चालू होता. तो करणारे होते हजरत मखदूम फकीह अली माहिमी (१३७२–१४३१). आम्ही पनवेलकर त्यांना माहीमच्या दर्ग्यामुळे आणि डिसेंबरच्या मेळ्यामुळे ओळखतो. कुरआनवरील ‘तबसीरुर्रहमान’ ही त्यांची तफसीर एकोणिसाव्या शतकात इजिप्तमध्ये छापली गेली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

त्यांनी इब्न अरबी (११६५–१२४०) यांच्या ‘फुसूसुल हिकम’वर भाष्य लिहिले. या परंपरेचे सार असे की, खरा वुजूद एका अल्लाहचाच. प्रत्येक वस्तू त्याच्या इल्ममध्ये आधीपासून असते आणि तिचा वुजूद त्याने दिलेला, उसना असतो. म्हणजे फळ्याचे असणे स्वतःच्या बळावर नाही. पण ते आमच्या पाहण्यावरही अवलंबून नाही. पुढे शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांनी यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते एकत्व दिसते ते साधकाच्या अनुभवात. निर्माता आणि निर्मिती वेगळीच.

‘वहदतुल वुजूद’ मानणारे जगाला नुसता भास समजतात, असे पुष्कळदा बोलले जाते. आम्हाला तसे वाटत नाही. मखदूमसाहेबांच्या नावातच ‘फकीह’, म्हणजे शरीअतचा जाणकार, हा शब्द आहे. जग केवळ मनाचा खेळ असेल, तर कर्ज कुणाचे, साक्ष कशाची आणि यतीमाचा वाटा कुणाला द्यायचा? जगाचा वुजूद उसना मानणारा हा माणूस माणसांचे हक्क मात्र खरे मानत होता.

आमच्या वर्गातल्या मुलांना बर्कले पुढे कॉलेजात भेटतील. त्याआधी शेजारच्या माहीमचे हे फकीह त्यांना भेटावेत, नुसत्या करामतींच्या गोष्टींतून नव्हे, तर त्यांच्या विचारांतून.