हवेचे तीन वाटे

मासळीबाजारात वाटे लावतात तसे हवेचे वाटे लावायचे. एकूण तीन. सिलिंडरमध्ये २१० बार दाब असेल, तर पहिले ७० गुहेत आत जायला, दुसरे ७० बाहेर यायला आणि तिसरा वाटा सोबत्याचा. काटा १४० वर आला की मागे फिरायचं, मग समोर कितीही देखणं भुयार उघडत असो. जोडीतल्या ज्याचा काटा आधी तिथे येईल त्याने खूण करायची आणि दोघांनी वळायचं. त्यावर चर्चा नाही. पाण्याने भरलेल्या गुहांमधून पोहणाऱ्यांचा, म्हणजे केव्ह डायव्हिंग करणाऱ्यांचा, हा मुळाक्षरासारखा नियम.

सरळ हिशेबी माणूस म्हणेल, अर्धी हवा जाताना, अर्धी येताना. पण ह्या हिशेबात बिघाड धरलेला नाही. गुहेच्या टोकाशी सोबत्याची हवा बंद पडली, तर माझ्या अर्ध्या हवेवर आम्ही दोघं परतीच्या निम्म्या वाटेपर्यंतच पोचू. तीन वाट्यांचं गणित करून पाहा. टोकाशी माझ्याकडे दोन वाटे शिल्लक, श्वास घेणारे दोघं, प्रत्येकाला परतीपुरता एक. जुळलं. अगदी काठोकाठ जुळलं, आणि गोम तिथेच आहे, तिच्याकडे येऊच.

मालवण-तारकर्लीला स्कूबा केलेल्याला हे सगळं जरा जास्तीचं वाटेल. समुद्रात डोक्यावर पाणी असतं आणि पाण्यावर आकाश. फार घोटाळा झाला तर सावकाश श्वास सोडत वर येता येतं. गुहेत डोक्यावर खडक असतो. वर जाण्याची ऊर्मी तिथे उपयोगाची नाही. आलो त्याच वाटेने, तेवढंच अंतर कापून, परत जावं लागतं. त्यात तळाशी पिठासारखा गाळ. पायातल्या फिन्सचा एक चुकीचा फटका बसला की काचेसारखं पाणी क्षणात दुधी होतं, हातातला दिवा असून नसल्यासारखा. मग हाताला लागणारी दोरी हीच वाट. दोरी आणलीच नसेल तर वाटही नाही.

ही विद्या फ्लोरिडात वाढली. जन्माचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या वूकी होल गुहेत १९३५ सालीच जड शिरस्त्राणं घालून माणसं उतरली होती. फ्रान्समध्ये कूस्तो आणि द्यूमा हे डायव्हर १९४६ च्या ऑगस्टमध्ये वोक्लूझच्या झऱ्यात उतरले आणि मरता मरता वाचले. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की हवा भरणारा कॉम्प्रेसर स्वतःचाच धूर आत ओढत होता. सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड गेला होता. पण गर्दी झाली ती उत्तर फ्लोरिडात. तिथल्या चुनखडकात झऱ्यांची तोंडं जागोजागी, पाणी नितळ, आणि १९६० च्या दशकात स्कूबाचं सामान कुणालाही विकत मिळू लागलेलं. तरुण पोरं एक सिलिंडर आणि एक टॉर्च घेऊन आत शिरत. पुष्कळशी परतली नाहीत. त्यांत समुद्रात इतरांना शिकवणारे प्रशिक्षकही होते, ही गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. जे येत होतं त्याच्याच भरवशावर ते आत गेले.

त्या पोरांतलाच एक शेक एक्स्ली, जन्म १९४९. पुढे तो फ्लोरिडातल्याच लाइव्ह ओक गावी गणिताचा शिक्षक झाला. तेविसाव्या वर्षापर्यंत त्याच्या नावावर गुहांमधल्या हजार डुबक्या जमा होत्या. इतक्या त्याआधी कुणाच्याच नव्हत्या. बुडालेल्यांना बाहेर काढायलाही त्याला बोलवत. ह्या कामात पोलीस शव मोजतात. एक्स्लीने कारणं मोजली. दोरी होती का? काट्यावर किती हवा उरली होती? किती खोल सापडला? हकिकती शेजारी शेजारी मांडल्यावर तीन गोष्टी पुन्हापुन्हा समोर आल्या: बाहेरपर्यंत अखंड दोरी नसणं, परतीसाठी दोनतृतीयांश हवा न राखणं, झेपेल त्याहून खोल जाणं. १९७९ साली त्याची छोटी पुस्तिका निघाली. त्यात नियम आहेत आणि नियमाबरोबर एकेका अपघाताची हकिकत. तीन वाटे एकट्या एक्स्लीच्या डोक्यातून निघाले असं नव्हे, पण त्यांच्यामागे पुरावा उभा केला तो त्याने. नंतर यादीत प्रशिक्षण आणि तीन दिवे ह्यांची भर पडली.

इथून एक रिवाज पडला. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलत नाहीत. ह्या मंडळींत बोलतात. बोलावंच, असा दंडक आहे. दोरीचं रील कुठे सापडलं, कुठला व्हॉल्व्ह बंद होता, मनगटावरच्या कॉम्प्युटरने काय नोंदवलं, हे सगळं तपासून कोणता नियम मोडला ते लिहून काढतात. घरच्यांना ते किती लागत असेल ह्याची कल्पना करवत नाही. शिवाय ‘त्याने नियम मोडला’ ह्या वाक्यात ‘मी मोडत नाही, म्हणजे मी मरणार नाही’ असा दिलासा लपलेला असतो, आणि तो मला धोक्याचा वाटतो.

आता ती गोम. काठोकाठचं गणित माणूस घाबरत नाही असं धरून चालतं. हवा संपलेला सोबती धापा टाकतो, दोघं एकाच सिलिंडरला बांधलेले असल्याने वेग मंदावतो, गाळ उठतो. फ्लोरिडाच्या झऱ्यांत प्रवाह बाहेर ढकलतो, म्हणून परतीला हवा कमी लागते आणि चूक पोटात घातली जाते. मेक्सिकोतल्या संथ पाण्याच्या गुहांमध्ये ही सवलत नाही. म्हणून तिथे पुष्कळजण पहिला वाटा संपायच्या आधीच वळतात.

ऑस्ट्रेलियात धडा वेगळ्या वाटेने आला. माउंट गँबियरजवळच्या ‘द शाफ्ट’ ह्या विवरात १९७३ च्या मे महिन्यात चौघं एकाच दिवशी बुडाले. सगळीच विवरं बंद होण्याची वेळ आली, तेव्हा डायव्हर्सनी त्याच वर्षी संघटना काढून स्वतःच परीक्षा लावली. फ्लोरिडात गुहांच्या तोंडाशी, पाण्याखाली, यमदूताचं चित्र असलेली पाटी असते: आत जीव देण्याजोगं काहीही नाही, इथूनच फिरा.

मेलेल्याला आणायला जाण्यातही जीव जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये डिऑन ड्रेयर हा तरुण १९९४ मध्ये बुडाला. दहा वर्षांनी डेव्ह शॉ ह्या डायव्हरला त्याचा देह २७० मीटरवर दिसला. २००५ च्या जानेवारीत तो आणायला शॉ उतरला. देह तळाला रुतलेला असेल अशी अटकळ होती. तो तरंगू लागला. झटापटीत दिव्याची वायर दोरीत अडकली, शॉचा श्वास वाढला, अंगात कार्बन डायऑक्साइड साठला. शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं आणि त्या श्वासांचा पुढे अभ्यास झाला. चार दिवसांनी सामान वर ओढताना दोघांचेही देह वर आले.

एक्स्लीचा शेवट त्याआधीचा. ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतल्या साकातोन विवरात तो आणि जिम बोडेन वेगवेगळ्या दोऱ्यांनी उतरले. बोडेन सुमारे २८२ मीटरवरून वळला आणि वाचला. एक्स्ली आलाच नाही. त्याच्या मित्रांनी त्याचीच पद्धत त्याला लावली. कॉम्प्युटर सुमारे २७५ मीटर दाखवत होता. खोलीच्या दाबाने मज्जासंस्थेला येणारा कंप, हवेचा हिशेब चुकणं, असे तर्क झाले. एकमत झालं नाही. दोरी त्याच्या हाताभोवती गुंडाळलेली होती. कुणी म्हणालं, तोल सावरायला. कुणी म्हणालं, आपल्याला शोधायला दुसऱ्या कुणाला खाली उतरावं लागू नये म्हणून. काही दिवसांनी दोरी वर ओढली तेव्हा तो तिच्याबरोबरच वर आला. उतरावं कुणालाच लागलं नाही.