समुद्राविना चुना

चुनखडक म्हटला की भूगोलाचे पुस्तक समुद्राकडे बोट दाखवते. ते खरेही आहे. उथळ, उबदार पाण्यात शंख-शिंपले आणि प्रवाळ मरतात, त्यांच्या कवचांचा चुना तळाशी साचतो. समुद्राची पातळी चढली की किनारा बुडून साचायला नवी जागा मिळते. उतरली की तोच थर उघडा पडून पावसात झिजतो. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी असा एक समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. मध्य प्रदेशातल्या बाघचा चुनखडक ही त्याचीच ठेव. पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनचा लाव्हा त्यावरही पसरला.

आपला नगर जिल्हा तर या लाव्ह्यावरच बसला आहे. मग मलिक अहमदने वसवलेल्या शहराला, १५५९ नंतर हुसेन निजामशहाने दगडात बांधलेल्या किल्ल्याला चुना कुठला?

प्रवरेच्या काठच्या एखाद्या घळीत उतरून पाहावे. पिवळसर मातीत पांढुरके, आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे गोटे दिसतात. ही चुनखड. काळ्या पाषाणातले कॅल्शियम पावसाच्या पाण्यात विरघळते. पर्जन्यछायेच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि चुना मातीत गाठी धरतो. कोकणातला करळ, म्हणजे शंख-वाळूचा किनारी दगड, समुद्राने दिला. आपली चुनखड अवर्षणाने दिली. शेतकऱ्याला मात्र तिचे कौतुक नाही. चुनखडीच्या रानात लोह असूनही पिकाला मिळत नाही, उसावर केवडा पडतो.

भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला, तर ४४ किलो वायू उडून जातो, ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा. भिंतीत बसला की तो हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. चुनखडीत मातीचा अंश असल्याने तिचा चुना ओलीतही धरतो. तळ्याच्या मधोमध बांधलेल्या फराहबागेला असाच चुना हवा. (‘चुना लावणे’ या वाक्प्रचाराने बिचाऱ्याची उगाच बदनामी झाली. आमच्या घरच्या पानदानात त्याची डबी मानाने असे.)

जुन्या वास्तूंच्या डागडुजीत सिमेंट थापले की माझा जीव कळवळतो. सिमेंट ओल कोंडून ठेवते, क्षार दगडात जिरतात आणि पापुद्रे सुटू लागतात. चुन्यातून भिंत श्वास घेते. घाणी थांबल्या, तसे चुना मळणारे हातही कमी झाले. चुनखड मात्र अजून ओढ्याकाठी पडलेली आहे.